चार हॉर्न

टायरमधली हवा बघायला मला कधी मीटर लागला नाही. अंगठा दाबायचा, की कळतं. तीस पौंड आहे, तेहतीस आहे, की गाडीच्या मालकाने सहा महिने चाकांकडे ढुंकूनही बघितलेलं नाही. याच अंगठ्यावर माझं दुकान उभं राहिलं आणि गिऱ्हाइकं मला अंगठेबहाद्दर म्हणायला लागली. हा शब्द सही करता न येणाऱ्यासाठी वापरतात हे मला माहीत होतं, पण मी तो मानाचा समजून घेतला. बायको म्हणायची, "दोन्ही अर्थांनी लागू पडतो."

दुकानात आम्ही दोघंच. टायर उतरवणं, चढवणं, पंक्चर काढणं माझ्याकडे. चाकाचं बॅलन्सिंग आणि ज्याला पडदा आहे, बटणं आहेत असं सगळं तिच्याकडे. नव्या गाड्यांच्या चाकात हवा मोजणारे सेन्सर यायला लागले तेव्हा मला ते शत्रूच वाटले. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमला चिकटून, अर्ध्या काडेपेटीएवढी काळी डबी बसवलेली असते. बाहेरून काही दिसत नाही. टायर सोडवताना मशीनचा दांडा व्हॉल्व्हपाशी पडला की डबी कडकन मोडते. पहिल्याच महिन्यात मी दोन मोडल्या आणि दोन्ही वेळा बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं.

बायको मात्र चार दिवस शिकायला गेली आणि टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडं मोठं एक यंत्र घेऊन आली. त्या दिवशी दुकानात एकच गाडी होती, इंजिन बंद, चाकं थंड. तिने यंत्र पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरलं आणि बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. मग पडद्यावर आकडे आले. हवा एकतीस पौंड. आतली उष्णता सव्वीस अंश. बॅटरी ठीक. आणि वर आठ अक्षर-आकड्यांचा एक नंबर, त्या डबीचा स्वतःचा.

"गाडी उभी असली की तो झोपतो," ती म्हणाली. "चाक फिरलं की आपला आपण जागा होतो आणि दर मिनिटाला गाडीला सांगत राहतो. मी असा ऐन झोपेतून उठवला तरी खरं तेच सांगतो. एवढ्याशा बॅटरीवर सात-आठ वर्षं."

मी हसलो. "म्हणजे तुझ्या माहेरच्यांपेक्षा बरा," म्हणालो. पण खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला होता. चाळीस वर्षं मी चाकाच्या बाहेर उभा राहून आत काय चाललंय याचा अंदाज बांधत होतो, आणि त्या काळोखात बसून कोणीतरी नेमकं सांगत होतं. मला त्याचा हेवा वाटला. आणि हेवा वाटला की मी टिंगल करतो, हा माझा स्वभाव आहे.

तिने दोन नियम घातले. एक, टायर उतरवला की सेन्सरच्या व्हॉल्व्हची रबरी चकती, आतली पिन, नट आणि टोपी नवी घालायची, जुनी पुन्हा वापरायची नाही. दुसरा नियम चाकं फिरवण्याचा. टायर सारखे झिजावेत म्हणून आम्ही पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकतो, तीही तिरकी: पुढचं डावं मागे उजवीकडे, मागचं उजवं पुढे डावीकडे. पण कोणता नंबर कोणत्या कोपऱ्यात राहतो हे गाडीने एकदा पाठ केलेलं असतं. चाकांनी जागा बदलल्या तरी गाडी जुनेच पत्ते धरून बसते. म्हणून तिला ते नव्याने शिकवावे लागतात. गाडी शिकण्याच्या स्थितीत आणायची, पुढच्या डाव्यापासून सुरुवात करून एकेका चाकापाशी यंत्र धरायचं. ओळख पटली की गाडी स्वतःच छोटासा हॉर्न देते. चार चाकं, चार हॉर्न. चार वाजल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जायची नाही, हा तिचा नियम.

गेल्या महिन्यात ती तीन दिवस बहिणीकडे गेली होती आणि नेमकी तेव्हाच माझी ताई गाडी घेऊन आली. मी चाकं फिरवली. यंत्र कपाटात होतं. काढलं, दोन बटणं दाबली, पडद्यावर काहीतरी भलतंच आलं. ताईसमोर हसं नको म्हणून मी ते परत ठेवून दिलं आणि गाडी दिली सोडून. चाकं चारही चांगली, हवा चोख, मग हॉर्नचं एवढं काय. बायको आल्यावर तिने विचारलं, "ताईंच्या गाडीचे चार वाजवले का?"

"वाजवले," मी म्हणालो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. डोंगरापलीकडच्या गावात मोठ्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आई आमच्याकडे असते. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ताईच्याच हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. आदल्या दिवशी सकाळी ताई तिला घ्यायला आली. निघताना मी चारही टायरांवर अंगठा दाबला आणि म्हणालो, "तेहतीस. डोळे झाकून जा." आई म्हणाली, "मला तर झाकायचीही गरज नाही."

दहाच्या सुमाराला ताईचा फोन आला. माझे हात काळे होते म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. ती डोंगराच्या पायथ्याच्या पेट्रोलपंपावर होती.

"अरे, दिवा लागलाय. पुढचं डावं सत्तावीस दाखवतंय."

"मग भर की तिथेच."

पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. "इथलं मीटर मोडलंय, अंदाजानेच भरली. रस्त्यावर एक फेरी मारून आले. पुढचं डावं आता पंचवीस. भरल्यावर कमी कशी झाली? आणि मागचं उजवं चाळीस दाखवतंय, त्याला तर मी हातही लावला नाही."

मी एका ट्रॅक्टरच्या टायरशी झटत होतो. "सेन्सर मेलाय," म्हणालो. "सात वर्षं झाली, बॅटरी संपली असणार. मी सकाळी स्वतः बघितलंय. लक्ष देऊ नको, नीघ."

"नक्की?"

"मग चाळीस वर्षं मी काय गवत उपटलं?"

"बरं. तरी आईला पुढे नको. ती नेहमी डावीकडे बसते, त्याच चाकावर. तिला मागे बसवते, उजवीकडे. त्या चाकापासून सगळ्यात लांब."

"बसव," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने आम्ही चहाला बसलो. बायको बॅलन्सिंगच्या मशीनवर होती, तिने आवाजात अर्धंमुर्धं ऐकलं होतं. बशीत चहा ओतता ओतता ती थांबली.

"ताई काय म्हणत होत्या मघाशी? पुढे भरली आणि मागे वाढली?"

"सेन्सर बिघडलाय."

"एक बिघडला असेल. दुसऱ्याला काय झालं? पुढच्या डाव्यात हवा घातली तर मागच्या उजव्याचा आकडा कसा वाढेल?" तिने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही चाकं फिरवलीत तेव्हा चार वाजवले होते ना?"

तिचं वाक्य संपायच्या आत मला सगळं दिसलं. वेळ थोडा होता म्हणून बरं, नाहीतर मी आणखी एक थाप मारली असती, इतका मी स्वतःला ओळखतो.

"नाही वाजवले," म्हणालो. "खोटं सांगितलं तुला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त उठली आणि हात पुसायला लागली. "म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ताईंनी चांगल्या चाकात हवा कोंबली आणि जातेय ती मागच्या उजव्यातली." मग थांबून म्हणाली, "आई पुढेच बसल्यात ना?"

"मागे," मी म्हणालो. "उजवीकडे. मीच बसव म्हणालो."

ताईचा फोन वाजत राहिला. चालवताना ती फोन समोरच्या खणात टाकते आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत खण उघडत नाही. आईकडे फोन नाही. बायकोने दुकानाच्या व्हॅनची किल्ली घेतली, जॅक आणि हवेची टाकी मागे टाकली आणि स्टिअरिंगवर स्वतः बसली.

त्या रस्त्यावर मी हजार वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी मला डोंगर दिसला नाही. मला एक चाक दिसत होतं. मिनिटाला तीनशे-चारशे फेरे घेणारं, तापलेलं, मागच्या उजव्या कोपऱ्यातलं, आणि त्याच्या बरोब्बर वर डोळ्यांनी अधू झालेली माझी आई. त्या चाकाच्या आत, काळोखात, ती अर्ध्या काडेपेटीएवढी डबी गरगरत होती आणि दर मिनिटाला सांगत होती: पंचवीस. चोवीस. बावीस. तिला डोळे नाहीत, दया नाही, भीती नाही. तिला एवढंच येतं, आणि तेवढं ती चोख करत होती. मी तिचा पत्ता पुसला, आणि वर ती मेली असंही जाहीर केलं. माणूस असती तर रुसून गप्प बसली असती. मला तिच्यापुढे इतकं लहान वाटलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"बोला काहीतरी," बायको म्हणाली.

"ती अजून सांगत असेल ना?"

"चाक फिरतंय तोवर सांगणार."

प्रत्येक वळणाला माझी पाचावर धारण बसत होती. वळण मोकळं निघालं की पुढच्याची भीती. सातव्या वळणानंतर रस्ता जरा रुंद होतो. तिथे कडेला ताईची गाडी उभी होती, दिवे लुकलुकत होते, मागे लाल त्रिकोण ठेवलेला. आई एका सपाट दगडावर चादर घालून संत्रं सोलत बसली होती. ताई मागच्या उजव्या चाकापाशी उकिडवी बसून पान्यावर जोर लावत होती. शेजारी स्टेपनी काढून ठेवलेली.

मी व्हॅन थांबायच्या आतच उतरलो. आईला हात लावून बघितलं, का ते मला माहीत नाही. तिने माझ्या हातावर एक फोड ठेवली.

"नट हलत नाहीत," ताई म्हणाली. "तूच आवळलेत ना? गाडी विकली तरी चाकं तुझ्याकडेच राहतील."

मी खाली वाकलो. टायर अर्ध्याहून जास्त बसला होता. नक्षीच्या खाचेत एका खिळ्याचं डोकं चमकत होतं, आणि कान नेला की बारीक सुस्कारा ऐकू येत होता. वाटेत कुठेतरी घुसलेला. माझा अंगठा सकाळी खरं बोलला होता, पण तो सकाळपुरताच. अंगठा काही चाकाबरोबर जात नाही.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. "गाडी तर पुढचं डावं म्हणत होती."

"हो, आणि तू म्हणालास सेन्सर मेलाय." ताईने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "आधी मी तुझंच ऐकलं. पण वर चढताना आकडा बावीस झाला, मग वीस, मग अठरा. बत्तीस वर्षं मी पेशंटच्या उशाशी आकडे बघतेय रे. मेलेल्याचा आकडा उतरत नाही, मेलेल्याचा थांबतो. हा उतरत होता. म्हणजे कोणीतरी जिवंत होतं आणि त्याचं काहीतरी बिनसत होतं."

"मग?"

"मग थांबले. पुढचं डावं दाबलं, दगडासारखं. आमच्याकडे एकदा दोन खाटांच्या तारा अदलाबदल झाल्या होत्या. पडदा एका म्हाताऱ्याची नाडी बुडतेय म्हणत होता आणि म्हातारा मजेत पेपर वाचत होता. तेव्हापासून मला सवय आहे. आकडा आणि पेशंट जुळेना, तर आकड्याला खोटं म्हणायचं नाही, पेशंट शोधायचा. चारही चाकांना हात लावत आले. हा सापडला." तिने माझ्याकडे मान वर करून बघितलं. "पण याच्या तारा कोणी बदलल्या?"

बायको व्हॅनमधून जॅक काढत होती. नवीन गाड्या असल्याच, कंपनी लक्ष देत नाही, इतकं मी म्हटलं असतं तरी ताईला पुरलं असतं.

"मी," म्हणालो. "चाकं फिरवली आणि गाडीला सांगितलं नाही. यंत्र येत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली."

ताईने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे, मग त्या बसलेल्या चाकाकडे. "मी हिला उचलून त्याच्यावर नेऊन बसवली," ती हळू आवाजात म्हणाली. एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने पाना माझ्या हातात दिला.

स्टेपनी चढवून आम्ही सगळे दुकानात परत आलो. ताईला संध्याकाळपर्यंत पोहोचायचं होतं, पण तशी गाडी सोडायला मी तयार नव्हतो. खिळ्याचा टायर मशीनवर घेतला, व्हॉल्व्हपासून लांब दांडा लावला आणि जपून सोडवला. आत काळी भुकटी होती, ओंजळभर. हवा कमी असताना टायर स्वतःच्याच वजनाखाली चुरडला जातो, त्याची आतली कड झिजून अशी पूड होते. ताई म्हणाली, "हे काय?" मी म्हणालो, "आणखी आठ-दहा किलोमीटर गेला असता, तर फुटला असता."

त्या भुकटीत ती डबी होती. वरपासून खालपर्यंत काळी झालेली. मी सुती फडक्याने ती पुसली, तशी तिच्यावरची अक्षरं दिसली. तिच्या एका कोपऱ्याला भोक असतं, सुईच्या टोकाएवढं, त्यातून ती हवा जोखते. तेवढं भोक उघडं होतं. सगळीकडून रबराची राख उडत असताना, चुलीसारख्या तापलेल्या अंधारात, तिने तेवढं एक भोक उघडं ठेवलं होतं आणि मोजत राहिली होती. मी आयुष्यात बरंच यंत्र-तंत्र बघितलंय. असे हात जोडावेसे मला कधी वाटले नव्हते. बायको बघत होती म्हणून जोडले नाहीत. आज सांगतो, जोडायला हवे होते.

"नवी घालायची?" मी विचारलं.

बायकोने यंत्र जवळ धरलं. हवा शून्य. उष्णता एकोणतीस. बॅटरी ठीक. "कशाला?" ती म्हणाली. "हिने काय कमी केलं?"

मी जुनी चकती काढली, नवी घातली. नवी पिन, नवा नट. नटाचा छोटा पाना ठरलेल्या जोराला टक् असा वाजतो, त्याच्यापुढे अर्धा फेराही द्यायचा नाही. एरवी मी देतो, तेव्हा नाही दिला. नवा टायर चढवला, बायकोने चाक बॅलन्स केलं, मी स्टेपनी काढून ते जागेवर बसवलं. बाकीच्या तिन्ही चाकांत मीटर लावून तेहतीस केली. हो, मीटर लावून. तो मला शोधावा लागला नाही, बायकोच्या हातात तयारच होता.

मग तिने यंत्र माझ्यापुढे धरलं.

"तूच कर," मी म्हणालो.

"तुम्ही."

तिने दोनदा बटणं सांगितली, तिसऱ्यांदा सांगावी लागली नाहीत. गाडीने दोन बारीक हॉर्न दिले. "हे मोजायचे नाहीत," ती म्हणाली, "शिकायला बसल्याची खूण आहे." आई पुढे डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली होती, काच खाली करून. मी तिच्याच चाकापाशी गुडघे टेकले, यंत्र व्हॉल्व्हशी नेलं आणि बटण दाबलं. वाट बघितली. इतकी छोटी वाट मी इतकी मोठी कधी बघितली नव्हती. हॉर्न वाजला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"आत एक जण असतो," मी म्हणालो. "त्याला विचारलं कोण आहेस. त्याने सांगितलं."

"आणि वाजवलं कोणी?"

"गाडीने. ओळख पटली म्हणून."

"बरं आहे," आई म्हणाली. "मला तर हल्ली माणसंही आवाजावरूनच ओळखावी लागतात."

पुढचं उजवं. हॉर्न. मग मागचं उजवं. पडद्यावर तोच नंबर आला जो मी पुसून काढला होता, खाली तेहतीस, आणि गाडीने लगेच साद दिली. सकाळपासून ती डबी याच कोपऱ्यातून हाका मारत होती आणि आत्ता कुठे तिला तिच्या नावाने कोणी ओ दिली. मागचं डावं. चौथा हॉर्न.

ताईने गाडी चालू केली. मी खिडकीतून आत डोकावलो. पडद्यावर गाडीचं छोटं चित्र, चार कोपऱ्यांत चार आकडे. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. ताईने फोन खणात टाकायला हात नेला, मग थांबली आणि तो आईच्या मांडीवर ठेवला. "वाजला की हिरवं दाब," तिला म्हणाली.

"मला हिरवं दिसत नाही," आई म्हणाली.

"उद्या दिसेल."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं दुकानाच्या दारात उभे होतो. बायको माझ्यापासून तीन पावलांवर होती. चारही हॉर्न तिने स्वतःच्या कानांनी ऐकले होते, एकेक मोजला होता. तरी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताईंच्या गाडीचे चार वाजवले का?"

"वाजवले," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातून यंत्र घेतलं, पुसलं, आणि कपाटात न ठेवता माझ्या हत्यारांच्या पेटीत ठेवलं.